सूचना : येत्या रविवारची हंगामाची उपकारस्तुती

मंडळीतील सर्वांना प्रभूमध्ये सलाम.

रविवारी सकाळच्या भक्तीत हंगामाची उपकारस्तुती, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानणं, आहे. खानापूरकडच्यांनी नवं भात, बेळगाव तालुक्यातल्यांनी रताळी, ज्याचं जे पिकलं ते आणावं. निपाणीकरांनी तंबाखू सोडून काहीही! शेती नसलेल्यांनी मुद्दाम विकत आणू नये. परसातला कढीपत्ता किंवा चार गावठी अंडीही चालतील. नंतर नेहमीप्रमाणे आणलेल्या वस्तूंचा लिलाव. बोलीचे पैसे कृपया त्याच दिवशी खजिनदारांकडे द्यावेत, उधारी नको.

पावसात ज्यांचं भात आडवं झालं, त्यांना मोकळ्या हाताने यायला संकोच वाटतो असं कानावर आलं. जरूर या. अंजिराला फूल नाही, शेतात धान्य नाही, गोठ्यात गुरं नाहीत, हे सगळं मोजूनच बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याने परमेश्वराच्या ठायी आनंद केला (हबक्कूक 3:17-18). प्रेषित पौलाने सर्व स्थितीत उपकारस्तुती करायला सांगितलं (1 थेस्सलनीकाकरांस 5:18), नुकसान झालंच नाही असं दाखवायला नव्हे. रडू आलं तर देवासमोर रडावं. स्तोत्रसंहितेत तेही भरपूर आहे.

साक्षी (देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगणं) दोन-तीन मिनिटांच्या असाव्यात, मराठीत किंवा कन्नडमध्ये. अडचणीत धावून आलेल्या शेजाऱ्याचाही उल्लेख करा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 17) येशूने बऱ्या केलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी आभार मानायला परतला तो एकटा शमरोनीच, म्हणजे यहूद्यांच्या लेखी परका, होता.

धान्य शनिवारी संध्याकाळपर्यंत मंदिरात पोचवावं. पोती तरुण संघाची मुलं उतरवून घेतील.

– सेक्रेटरी