कॉकपिटच्या पडद्यावरचे खोटे क्षितिज

महोदय,

विमानातले डिस्प्ले उड्डाणात बंद पडल्याची बातमी आली की वाचकांच्या प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. हातातला मोबाइल इतका झरझर चालतो, मग कोट्यवधींच्या विमानात सॉफ्टवेअर इतके जुने का, हा एक प्रश्न. दुसरा सूर असा की पडदा काळा झाला म्हणजे विमान आंधळेच झाले. हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आणि तपासणाऱ्या माणसांना काळ्या पडद्याची एवढी धास्ती नसते. काळा पडदा लपत नाही, वैमानिक लगेच दुसऱ्या पडद्याकडे किंवा स्टँडबाय, म्हणजे राखीव यंत्राकडे वळतो. खरी धास्ती असते ती चुकीचा आकडा स्वच्छ, ठळक आणि स्थिर दाखवणाऱ्या पडद्याची.

मुंबईने ही किंमत मोजलेली आहे. १ जानेवारी १९७८ च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोर समुद्रात कोसळले. २१३ जण गेले, एकही वाचला नाही. सुरुवातीचे उजवे वळण घेऊन विमान सरळ झाले होते, पण मुख्य वैमानिकासमोरचे कृत्रिम क्षितिज (विमानाचा कल दाखवणारे यंत्र) उजवीकडे कललेलेच राहिले. ते सरळ दिसावे म्हणून त्यांनी विमान डावीकडे कलवले आणि ते कलतच गेले, असे चौकशीतून पुढे आले. त्या यंत्रावर विसंबू नका, असे फ्लाइट इंजिनिअर सांगू पाहत होते. २७ क्रमांकाच्या धावपट्टीवरून रात्री उडालेले विमान जुहूचा किनारा ओलांडते तेव्हा समोर फक्त काळोख असतो. डोळ्यांना खरे क्षितिज मिळत नाही, जे काही आहे ते समोरच्या यंत्रात.

तेव्हाची यंत्रे जायरोस्कोपवर चालणारी होती, सॉफ्टवेअरचा संबंध नव्हता. पण ८ जानेवारी २०१६ रोजी स्वीडनमध्ये टपाल नेणाऱ्या सीआरजे २०० विमानात जवळजवळ हेच घडले, आणि तेही डिजिटल पडद्यावर. विमानाचा कल मोजणाऱ्या डाव्या बाजूच्या इनर्शियल युनिटने विमानाचे नाक झपाट्याने वर जात असल्याचा चुकीचा कोन पाठवला. कॅप्टनच्या पडद्याने तो इमानदारीने रंगवला. नाक खाली दाबले गेले आणि ३३,००० फुटांवरून विमान दीड मिनिटाच्या आत जमिनीवर आदळले. दोघेही वैमानिक गेले.

दोन्ही बाजूंचे कोन जुळत नाहीत हे ओळखणारा कंपॅरेटर त्या सॉफ्टवेअरमध्ये होता. त्याच सॉफ्टवेअरमध्ये दुसराही एक नियम होता : विमान धोकादायक कोनात गेले की पडद्यावरची गर्दी कमी करायची, म्हणजे वैमानिकाचे लक्ष क्षितिजावर राहील. याला डिक्लटर म्हणतात. खोट्या कोनामुळे डिक्लटर सुरू झाला आणि इतर चिन्हांबरोबर ‘कोन जुळत नाहीत’ हा इशाराही कॅप्टनच्या पडद्यावरून गेला. दोन्ही नियम आपापल्या जागी योग्यच होते, त्यांची गाठ कुठे पडेल हे डिझाइनमध्ये सुटले. म्हणून डिक्लटरच्या तपशिलात ‘काय काढायचे’ याऐवजी ‘काय कधीच काढायचे नाही’ याची यादी आधी हवी, आणि तिच्यात पहिला मान कंपॅरेटरच्या इशाऱ्याचा. चाचणीही जोडीने झाली पाहिजे : एका बाजूचा कोन खोटा करायचा, तो डिक्लटरच्या मर्यादेपलीकडे न्यायचा आणि इशारा टिकतो का ते पाहायचे. नियम सुटे-सुटे तपासले तर दोन्ही पास होतात.

आकडा पडद्यावर येण्याआधी त्याची झडती कशी घ्यायची, हेही पाहू. अनेक विमानांत तो एरिंक ४२९ या मानकाच्या तारेवरून ३२ बिटांच्या (० किंवा १ अशा अंकांच्या) शब्दात येतो : ८ बिट लेबल (माहिती कशाची आहे ते), २ बिट स्रोत-ओळख, १९ बिट प्रत्यक्ष माहिती, २ बिट एसएसएम (माहितीची स्थिती सांगणारी खूण) आणि १ बिट पॅरिटी (वाटेतली चूक पकडण्यासाठी). नवखा प्रोग्रॅमर १९ बिट उचलतो आणि पडद्यावर काटा रंगवून मोकळा होतो. पण जीव आहे तो एसएसएमच्या दोन बिटांत. बायनरी आकड्यांसाठी ११ म्हणजे सर्व ठीक, ०० म्हणजे बिघाड, ०१ म्हणजे गणित करण्याजोगी माहितीच नाही, १० म्हणजे चाचणी चालू आहे. ११ नसेल तर पुढचे १९ बिट कितीही विश्वसनीय दिसोत, ते उड्डाणाची माहिती म्हणून रंगवायचे नाहीत. (लेबलचे बिट उरलेल्या शब्दाच्या उलट क्रमाने येतात. हे विसरले की उंचीच्या जागी भलतेच लेबल वाचले जाते. सुदैवाने ही चूक पहिल्याच चाचणीत सापडते.)

त्यानंतर आकड्याचे वय. विमानाचा कल सांगणारे शब्द सेकंदाला सुमारे ५० वेळा येतात. काही पाळ्या चुकल्या तर तो आकडा शिळा धरायचा आणि क्षितिज पूर्ण काढून जागेवर बिघाडाची खूण आणायची. शेवटचा आकडा तसाच ठेवणे हा सगळ्यांत घातक आळस, कारण सरळ उड्डाणात गोठलेले क्षितिज अगदी बरोबर दिसते. काटा शून्यावर नेऊन ठेवणेही तितकेच वाईट. शून्य वेग हीसुद्धा वैमानिकाच्या दृष्टीने एक माहितीच आहे.

दोन स्रोत असले तर फरक कळतो, पण खोटा कोण ते कळत नाही. म्हणून इशारा दोन्ही पडद्यांवर द्यायचा आणि निवाडा तिसऱ्याने करायचा. त्या तिसऱ्या, म्हणजे स्टँडबाय यंत्राचे सेन्सर आणि वीजपुरवठा वेगळे हवेत आणि शक्य असेल तिथे कोडही वेगळ्या हातांनी लिहिलेला हवा. एकच कोड तिन्हीकडे असेल तर एकच चूक तिन्हीकडे एकाच क्षणी उगवेल.

असे घडू शकते याचा दाखला आहे. बोइंग ७३७ एनजीच्या ठराविक डिस्प्ले सॉफ्टवेअरमध्ये अलास्कातल्या बॅरो विमानतळाच्या धावपट्टीचा अॅप्रोच (उतरण्याचा मार्ग) निवडताच सहाच्या सहा पडदे काळे होत, आणि दुसरी धावपट्टी निवडेपर्यंत परत येत नसत. अमेरिकेच्या एफएए या विमान-वाहतूक नियामकाने डिसेंबर २०१९ मध्ये त्यावर आदेश काढला. दोष धावपट्टीची खरी दिशा (चुंबकीय नव्हे, भौगोलिक उत्तरेपासून मोजलेली) २७० अंश असताना उघडा पडत होता, तोही तिचे अक्षांश-रेखांश विशिष्ट असतील तरच. जगभरात अशा सात धावपट्ट्या निघाल्या. मुंबई त्यांत नव्हती. आपल्याकडेही मुख्य धावपट्टीचे एक टोक २७, म्हणजे चुंबकीय दिशा सुमारे २७० अंश, आहे, आणि मुंबईत चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक अगदी थोडा, त्यामुळे तिची खरी दिशाही २७० च्या आसपासच येते. कोनांच्या गणितात ०, ९०, १८०, २७०, ३६० हे आकडे आणि त्यांच्या अलीकडचे-पलीकडचे बिंदू नेहमीच दगा देतात. ३५९ आणि १ अंशांची साधी सरासरी काढली तर १८० येते, म्हणजे बरोबर उलटी दिशा. म्हणून मोजकी उदाहरणे न घेता डेटाबेसमधली प्रत्येक धावपट्टी सॉफ्टवेअरमधून चालवून पाहावी, असा आमचा आग्रह आहे. काम कंटाळवाणे आहे, पण संगणकच ते करतो.

मोबाइलशी तुलना इथे कोलमडते. क्षितिज दाखवणारे सॉफ्टवेअर विमान-सॉफ्टवेअरसाठीच्या डीओ-१७८सी या मानकाच्या सर्वांत कडक ‘ए’ स्तरात येते. त्यात प्रत्येक अटीचा निकालावर स्वतंत्र परिणाम होतो हे चाचणीने दाखवावे लागते, तीन अटींच्या निर्णयाला किमान चार चाचण्या लागतात. ओळ बदलली की तिच्याशी जोडलेल्या गरजा आणि चाचण्या पुन्हा तपासायच्या. वेळ जातो तो यात. शिवाय ग्राफिक्स चिप बहुधा बाजारातली असते, तिच्या पोटातले सगळे कोणालाच सिद्ध करता येत नाही. त्यामुळे क्षितिजरेषा कुठे असायला हवी आणि चिपने ती प्रत्यक्षात कुठे काढली, हे वेगळ्या मार्गाने पडताळावे लागते.

आपल्या बातमीदारांना विनंती आहे की ‘पडदे बंद पडले’ अशी बातमी देताना तीन गोष्टी जरूर विचाराव्यात : किती पडदे गेले, स्टँडबाय चालू होते का, आणि जाण्याआधी चुकीची माहिती दाखवली गेली का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर तीच मुख्य बातमी आहे.

मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प द्यावा. त्याला लॅपटॉपपलीकडे काही लागत नाही. एका प्रोग्रॅमने दोन्ही बाजूंचे ४२९ चे शब्द पाठवायचे, दुसऱ्याने क्षितिज काढायचे, आणि परीक्षकाने चार बिघाड घालायचे : एसएसएम ०० करणे, शब्द थांबवणे, तोच आकडा पुन्हा पुन्हा पाठवणे आणि एका बाजूचा कोन सेकंदाला अर्धा अंश असा हळूहळू सरकवणे. पहिले दोन बहुतेक विद्यार्थी पकडतील. तिसऱ्यात शब्द वेळेवर येत असतात, त्यामुळे वयाची तपासणी फसते. चौथ्यात तर एसएसएम, वय, मर्यादा सगळे ठीक असते, तो कंपॅरेटरशिवाय सापडत नाही. गुण त्या शेवटच्या दोहोंवर द्यावेत.

— विमान-डिस्प्ले सॉफ्टवेअरची पडताळणी करणारे काही अभियंते, अंधेरी (पूर्व), मुंबई