मोरिया, साल्सेट, मुलतान : बोटींची नावे नीट छापावीत

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

8 जुलै जवळ आला की सावरकरांच्या मार्सेलिसच्या उडीवर लेख येऊ लागतात आणि बोटीचे नाव कुठे ‘मोरिया’, तर कुठे ‘मोरया’ असे छापले जाते. ‘मोरया’ वाचल्यावर मराठी माणसाला गणपती आठवणारच, पण या नावाचा त्याच्याशी काही संबंध नाही. बोटीवर एम-ओ-आर-ई-ए अशी अक्षरे होती. मोरिया हे ग्रीसच्या दक्षिणेकडील पेलोपोनीज द्वीपकल्पाचे मध्ययुगीन नाव.

मोरियाची मालक असलेल्या पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीचा नावे ठेवण्याचा रिवाज पाहिला की हे नाव कुठून आले ते कळते. 1903 ते 1911 या काळात कंपनीने एकाच धर्तीच्या दहा मेलबोटी (टपाल आणि उतारू नेणाऱ्या बोटी) चालू केल्या आणि सगळ्यांना ‘म’पासून सुरू होणारी स्थळनामे दिली : मोल्डेविया, मंगोलिया, मार्मोरा, मॅसिडोनिया, मुलतान, माळवा, मोरिया, मॅन्टुआ, मालोया, मदिना. त्याआधीच्या पाच बोटी इंडिया, चायना, ईजिप्त, अरेबिया, पर्शिया. यांतल्याच अरेबियाने गांधीजी 9 जानेवारी 1915 रोजी मुंबईत उतरले. पुढे 1925 मध्ये ‘र’ची पाळी आली : रांची, रानपुरा, रावळपिंडी, राजपुताना. व्हाइट स्टार कंपनीची नावे ‘इक’ने संपत (ओशनिक, ऑलिम्पिक, टायटॅनिक) आणि क्युनार्डची ‘इया’ने, हे अनेकांना ठाऊक असते. मात्र तेवढ्यावर विसंबून अरेबिया किंवा पर्शिया क्युनार्डची ठरवू नये. एकोणिसाव्या शतकात या दोन्ही नावांच्या बोटी क्युनार्डकडेही होत्या. म्हणून नुसते नाव पुरत नाही, सोबत कंपनी लिहावी लागते.

दुसरी चूक अधिक खटकते. ‘मोरिया सावरकरांना घेऊन मुंबई बंदरात आली’ असे सर्रास लिहिले जाते. त्या फेरीत ती मुंबईला आलीच नाही. एडनला सावरकरांना साल्सेट या बोटीवर चढवण्यात आले आणि 22 जुलै 1910 रोजी मुंबईच्या धक्क्याला लागली ती साल्सेट. 1908 ची ही लहान, वेगवान बोट मुद्दाम याच कामासाठी बांधलेली होती : मोठ्या मेलबोटीने एडनला सोडलेले उतारू आणि टपाल मुंबईला पोहोचवायचे. साल्सेट म्हणजे आपली साष्टी, सहासष्ट गावांची! वांद्र्यापासून घोडबंदरापर्यंतच्या बेटाचे नाव त्या बोटीवर होते आणि आपल्याच लेखांतून ते गळते, याचे वाईट वाटते. 20 जुलै 1917 रोजी जर्मन पाणबुडीने ती इंग्लिश खाडीत बुडवली.

छायाचित्रे निवडताना होणारा घोळ वेगळा. कंपन्या बुडालेल्या किंवा मोडीत काढलेल्या बोटीचे नाव नव्या बोटीला देत. डॉ. आंबेडकर 15 ऑगस्ट 1931 रोजी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी मुंबईहून ‘मुलतान’ने निघाले (पंधरवड्याने, 29 ऑगस्टला, गांधीजी राजपुतानाने गेले). ती मुलतान 1923 ची. 1905 ची जुनी मुलतान 1917 मध्येच भूमध्य समुद्रात बुडाली होती. दोघींनाही दोन धुराडी, त्यामुळे जुन्या चित्रावरून गफलत होते. फरक आकारात आहे : पहिली सुमारे साडेनऊ हजार टनांची, दुसरी वीस हजारांवर. हा टन वजनाचा नव्हे, बोटीच्या आतल्या जागेचा. 100 घनफूट म्हणजे एक टन.

खात्री करायचीच असेल तर नोंदणी क्रमांक पाहावा. ब्रिटनच्या 1894 च्या कायद्याप्रमाणे बोटीचे नाव नाळेच्या (पुढच्या टोकाच्या) दोन्ही बाजूंना आणि पिछाडीला लिहावे लागे, पिछाडीला नोंदणीच्या बंदराचे नावही. अक्षरे किमान चार इंच उंच, गडद रंगावर पांढरी किंवा पिवळी, फिकट रंगावर काळी. नोंदणी क्रमांक मात्र रंगवून चालत नसे, तो आतल्या मुख्य तुळईवर कोरावा लागे. ब्रिटिश नोंदणीत असेपर्यंत नाव बदलले, मालक बदलला, तरी क्रमांक तोच राही. एका नावाच्या दोन बोटी त्यावरूनच वेगळ्या काढता येतात. ‘एस. एस.’ म्हणजे केवळ ‘वाफेवर चालणारी बोट’. तो नावाचा भाग नव्हे, म्हणून अवतरणचिन्हात घेऊ नये.

तेव्हा विनंती अशी की, बोटीचा पहिला उल्लेख करताना नावाबरोबर कंपनी आणि बांधणीचे साल द्यावे, उदाहरणार्थ ‘पी अँड ओची मोरिया, 1908’. आणि येत्या जुलैत मुंबईच्या धक्क्यावर साल्सेट लागू द्यावी.

आपला विश्वासू,
एक वाचक, माझगाव, मुंबई