आप्पा, तुम्ही कागद खालून वाचलात म्हणून

आदरणीय आप्पा,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणता आणि मोटर चालू करायच्या निमित्तानं विहिरीकडे निघून जाता. म्हणून हे चार लोकांसमोर लिहितेय. तुम्ही काही मोबाइलवर वाचणार नाही. नातवाला सांगून ठेवलंय, संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचून दाखव म्हणून.

दिवाळी झाली आणि आमचं अंदमान ठरलं. लग्नाला वीस वर्षं होत होती. फेब्रुवारीत केळीच्या मृगबागेची कापणी लागायला वेळ होता आणि तिकडचा समुद्रही तेव्हा शांत असतो, एवढा हिशेब आमचा आम्ही केला होता. लग्नसराईच्या ब्लाउजांचा ढीग मशीनवर तसाच सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण स्कूबाचं, म्हणजे पाठीवर सिलिंडर लावून समुद्राखाली जायचं, वेड जुनं. वडिलांनी पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत ढकललं, त्या दिवसापासून पाण्याची भीती गेली ती गेलीच. तळाला हात लावून वर यायची पैज मी भावांशी लावायचे आणि जिंकायचेही. फक्त खाली काय आहे ते बघायला श्वास कधी पुरला नाही.

टूरवाल्यानं पाच रात्रींचं पॅकेज छापून दिलं होतं. तो रंगीत कागद मिरवत मी तुमच्याकडे आले, कारण नौदलात नोकरी करून, समुद्राखाली जाऊन आलेलं माणूस आमच्या गल्लीत एकच. तुम्ही चष्मा पुसलात आणि कागद खालून वर वाचायला लागलात. शेवटचा दिवस: सकाळी सातला स्कूबा, दहाला बोट, दुपारी अडीचला विमान. तुमचं बोट तिथंच थांबलं.

"पहिले घर येवानं दख, मंग जावानं."

म्हणजे आधी घरी परतायचं बघ, मग जायचं. मला वाटलं, गाडी चुकेल म्हणून म्हणताय. तुम्ही गोटी सोड्याचं उदाहरण दिलंत. बाटलीत दाब असतो तोवर गॅस पाण्यात मुकाट असतो, गोटी आत ढकलली की फसफसून वर येतो. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन तसाच अंगात मुरतो, आणि तो सावकाश बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. विमानात हवेचा दाब जमिनीपेक्षा कमी. घाईनं वर गेलं तर तेच बुडबुडे सांध्यांत, रक्तात. एका डाईव्हनंतर, म्हणजे बुडीनंतर, विमानाआधी निदान १२ तास, जास्त डाईव्ह असतील तर १८, आणि तुमच्या हिशेबानं सरळ २४. टूरवाल्यानं साडेसात दिले होते. त्याला फोन केला तर म्हणतो, "मॅडम, सगळे जातात." त्याचं नाव इथं घेत नाही, पण असा कागद जळगाव-धुळ्याकडे आणखी कुणाच्या हातात असेल तर त्यानंही तो खालून वाचावा.

मग तुम्ही नातवाच्या वहीचं पान फाडून आमची सहल उलटी मांडलीत. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशीच हॅवलॉक, म्हणजे डाईव्हचं बेट, सोडायचं. तिथं विमानतळ नाही, सगळं बोटीवर, आणि समुद्र खवळला तर बोट रद्द होते. त्याच्या आधीचा एक दिवस मोकळा ठेवायचा, हवा बिघडली तर डाईव्ह पुढं ढकलायला. त्याच्या आधी डाईव्ह. राहिला पहिला दिवस: मुंबई, चेन्नई करत पोर्ट ब्लेअरला उतरायचं आणि तिथंच मुक्काम. त्याच दिवशीची बोट धरायची नाही, विमान उशिरा आलं तर बोट थांबत नाही. नील बेट तुम्ही सरळ खोडून टाकलंत. मी दोन दिवस हळहळले, हे आता कबूल करते.

नावांनी मात्र माझा गोंधळ झालाच. हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं, पोर्ट ब्लेअरचं २०२४ मध्ये श्री विजयपुरम. तुमच्या तोंडी जुनी नावं, मोबाइलमध्ये नवी. ह्यांना तर निघेपर्यंत वाटत होतं की आपण चार गावं बघणार.

मला खरं तर सर्टिफिकेटचा कोर्स करायचा होता. तुम्ही विचारलंत, दिवस किती? कोर्सला तीन-चार दिवस जातात, २०० मीटर पोहून दाखवावं लागतं, १० मिनिटं तरंगावं लागतं. पोहणं मला जमलं असतं, दिवस कुठून आणणार? म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांचा साधा डाईव्ह ठरला. त्याला पोहता यावंच लागत नाही, शिकवणारा सोबत असतो आणि १२ मीटरच्या खाली नेत नाहीत. सेंटरवाल्यांना फोनवर काय विचारायचं तेही तुम्ही पढवलंत: एका माणसामागे किती पाहुणे? एकजण "टेन्शन घेऊ नका" एवढंच म्हणत राहिला. दुसरीकडच्या बाईनं सांगितलं, एकामागे एकच. पैसे तिला पाठवले.

आता ह्यांच्या कानाचं. आरोग्याचा फॉर्म घरूनच भरून न्या, असं तुम्ही बजावलं होतंत. कुठल्या प्रश्नाला 'हो' असलं तर डॉक्टरची सही लागते, आणि बेटावर ऐनवेळी डॉक्टर शोधत फिरावं लागतं. ह्यांना बीपीची गोळी चालू आहे. हे म्हणाले, 'नाही' लिहून टाकू, कोण बघतंय! तेव्हा तुम्ही जो आवाज चढवलात तो मी वीस वर्षांत ऐकला नव्हता. "समिंदर म्हंजे आपली विहीर नही शे!" सहीसाठी गेलोच होतो तर लहानपणी कान वाहायचा म्हणून कानाच्या डॉक्टरांनाही दाखवून आलो. डाव्या पडद्याला बारीक भोक निघालं. हे तसेच खाली गेले असते तर थंड पाणी आत शिरून भोवळ आली असती, तीही पाण्याखाली. दोन दिवस ह्यांनी तुमच्याशी अबोला धरला. तुमच्या लक्षात आलं का माहीत नाही, तुम्ही तसेही फार बोलत नाही.

आणि ती बाटली! यंदा पाणी भरपूर, विहिरीत तीस फूट. तुम्ही पाण्याच्या रिकाम्या बाटलीत आतून कोरडं पीठ फिरवलंत, गळ्याला दगड बांधलात आणि झाकण न लावता दोरीनं तळाला सोडलीत. वर ओढली तेव्हा आत पाण्याचा थेंब उरला नव्हता, पण पीठ निम्म्यापर्यंत ओलं होतं. खाली बाटलीतली हवा निम्मी झाली होती आणि वर येताना पुन्हा फुगून तिनं पाणी बाहेर लोटलं होतं. "तुझा कान म्हणजे ही बाटली, तुझी छाती पण हीच." म्हणून खाली जाताना नाक दाबून हळूच फुंकायचं, कान दुखायच्या आधी. आणि श्वास कधीच, कधीच रोखायचा नाही. विहिरीत शिकलेली माझी अख्खी विद्या तिथं उलटी होती.

हॅवलॉकला सकाळी किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरले. पाठीवर सिलिंडर, कमरेला शिशाचे वजन. तीन मीटरवर कान ठणकला. शिकवलेली खूण केली, पंजा आडवा हलवून कानाकडे बोट. शिकवणाऱ्या पोरानं मला जरा वर घेतलं, मी नाक दाबलं, कानात 'टक्' झालं आणि सगळं मोकळं. मग रंग सुरू झाले. त्या मऊ झुलत्या गोंड्यांत शिरून बसलेले नारिंगी-पांढरे मासे बोटाएवढे, पण माझ्या चष्म्यावर धावून आले. आणि एक आवाज येत होता, कुरुम कुरुम, कुणी शेजारी बसून बिबडे, आपले ज्वारीचे पापड, खातंय असा. पोपटमासे प्रवाळ खरवडत होते. समुद्राच्या तळाशी मला आमच्या गच्चीवरचं वाळवण आठवलं.

आनंदाच्या भरात मी अंगठा वर केला. आप्पा, तुम्ही तीनदा सांगितलं होतंत, पाण्याखाली अंगठा वर केला म्हणजे 'वर चल'. पोरगं इमानदारीनं मला वर घेऊन निघालं! मी घाईघाईनं बोटांचं कडं करून 'ठीक आहे, ठीक आहे' केलं, तेव्हा कुठं परत खाली नेलं. त्याच्या घड्याळात ८.४ मीटर दाखवत होतं. श्वास पुरत होता. पुरून उरत होता.

हे गुडघाभर पाण्यात उभे होते, पँट दुमडून, हातात केळीच्या वेफर्सची पिशवी. तेवढ्या लांब जाऊन वेफर्स आपलेच.

मोकळा ठेवलेला दिवस राधानगरच्या किनाऱ्यावर गेला. सूर्य साडेपाचच्या आतच मावळला, घड्याळ आपलंच पण बेट केवढं पूर्वेला. परतताना सेल्युलर जेल बघितलं, तिथं हे बराच वेळ काही बोलले नाहीत. शंख-शिंपलं एकही उचललं नाही, तुमची ताकीद होती. विमानतळावर एका बाईची पिशवी त्यासाठीच उघडली गेली, तेव्हा ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पहिल्यांदा तुमचं नाव चांगल्या तोंडानं घेतलं.

मे महिन्यात ह्यांच्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन ठरतंय. ते झाल्यावर ह्यांना खाली जाता येईल का, हे डॉक्टरांना विचारून झालं, आता तुम्हाला विचारायचं आहे. स्वतः यायला लाजतात.

रविवारी या. बामणोदची वांगी आणलीत, भाजायला कापसाच्या पऱ्हाट्या काढून ठेवल्यात, कळण्याची भाकरी करते. आणि ती पिठाची बाटली अजून आमच्याकडेच आहे. पोरं रोज विहिरीत सोडतात, दोरी तुटायला आलीय.

तुमची,
कोपऱ्यावरच्या शिवणाच्या दुकानातली