उपकरणांच्या निगेसाठी तरतूद व्हावी: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,
सादर नमस्कार.

महाविद्यालयांना जीवशास्त्रीय संशोधनासाठी उपकरणे घेण्यास अनुदान मिळते, परंतु हमीची मुदत संपल्यावर देखभाल करारासाठी वेगळे लेखाशीर्ष नसते आणि यंत्र सांभाळायचे कोणी, हा प्रश्न विभागप्रमुखांच्या गळ्यात पडतो.

बंद पडलेले यंत्र निदान दिसते तरी. निगा न राखलेले यंत्र मात्र चालू राहून चुकीचे उत्तर देते, आणि मला अधिक चिंता त्याची वाटते. स्पेक्ट्रोफोटोमीटर या प्रकाशशोषण मोजणाऱ्या यंत्रावर डीएनए मोजताना २६० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो. तो देणारा ड्युटेरियम दिवा साधारण एक-दोन हजार तास चालतो, मग क्षीण होतो आणि आकडे डळमळू लागतात. जेलमध्ये वेगळ्या केलेल्या डीएनएच्या पट्ट्यांचे छायाचित्र घेणाऱ्या जेल डॉकच्या कॅमेऱ्यासमोरचा फिल्टर दमट हवेने डागाळला, तर जेलमधले फिके पट्टे छायाचित्रात उमटतच नाहीत. विद्यार्थिनी पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याचा प्रयोग, फसला असे समजून तोच प्रयोग पुन्हा लावते, महागडी रसायने खर्ची पडतात आणि दोष तिच्या हाताला लागतो. कोकणात तर पावसाळ्यात सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशीचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे पसरतात. कपाटातले सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा ठेवायचे, तेलाचा थेंब लावून वापरायचे भिंग काम झाल्यावर लगेच पुसायचे, एवढे रोज पाहणारे माणूस हवे. प्रयोगशाळा परिचराची पदेच रिक्त असतील, तर हे कोणी करायचे?

उपकरणे वाटून वापरावीत, हे मला मान्य आहे. जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेले संशोधन उपकरणे इतरांना वापरायला खुली करणारे केंद्राचे आय-स्टेम पोर्टल आणि पवईच्या आयआयटीतील ‘सैफ’ हे सामायिक उपकरण केंद्र यांचा उपयोग होतोच. पण रसायनांनी स्थिर केलेली पेशी मुंबईला पाठवता येते; जिवंत पेशीतली हालचाल कॉन्फोकल या लेझर सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची असेल, तर यंत्र जवळच लागते.

म्हणून विनंती अशी की, यापुढे उपकरणाच्या प्रत्येक मंजुरीतच पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम राखून ठेवावी, ती अन्यत्र वळवता येऊ नये, आणि किमान प्रत्येक विभागीय केंद्रात उपकरणे चालवणाऱ्या प्रशिक्षित तंत्रज्ञाचे नियमित पद मंजूर करावे. हे पद कंत्राटी नसावे, कारण कॉन्फोकल नीट हाताळायला शिकण्यातच बरेच महिने जातात आणि हात बसेपर्यंत करार संपलेला असतो. येत्या अर्थसंकल्पात याचा विचार व्हावा.

आपली विश्वासू,
वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका, सिंधुदुर्ग