दोन पानं

मनू,

परवा मी फोन मध्येच ठेवला, ते चुकलंच. कथा-कादंबऱ्या शिकून पोट भरत नाही, असं म्हणालो आणि रात्रभर तेच डोक्यात घोळत राहिलं. आज नोकरीचा विषय काढायचा नाही असं ठरवून बसलोय.

आजोबा गेले त्या वर्षी तू आजीला कादंबरी वाचून दाखवायचीस. नऊ वर्षांची होतीस. ओळीखाली बोट, जोडाक्षर आलं की अडखळायचीस. त्यातला म्हातारा मरतो ते प्रकरण आलं तेव्हा मी दारात उभा होतो. तू थांबलीस, आजीकडे पाहिलंस, दोन पानं एकदम उलटलीस आणि तो लेकीकडे राहायला गेला असं मनानेच जोडून दिलंस. आजीला अक्षर येत नव्हतं, पण आवाज कळायचा. रात्री मला म्हणाली, "पोरीनं वाचवलं रे त्याला."

हे तुला मी शिकवलं नव्हतं, पुस्तकांनीच शिकवलं.

साहित्य शिकणं म्हणजे नुसतं वाचणं नव्हे, असं तू म्हणालीस. खरंय, नुसता वाचणारा मी. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांच्या कवितांचं पुस्तक निघालं, कारण मुलाने, सोपानदेवांनी, त्या कविता उतरवून घेऊन जपल्या होत्या. ऐकून त्याचं मोल ओळखणारं कुणी घरात होतं. आपली आजीही काम करताना काहीबाही गुणगुणायची. मी पदवीधर, पण एक ओळ लिहून ठेवली नाही. आता आठवायला बसलो तर चाल आठवते, शब्द नाहीत.

तेव्हा शीक. पण नेटाने शीक. गाईडवर भागवू नकोस, मूळ पुस्तक वाच, न पटणारंही शेवटपर्यंत वाच. जोडीला बी.एड. किंवा भाषांतराचा एखादा कोर्स केलास तर निदान... बघ, आलोच तिथे. माफ कर. माझ्यामागे तुला कुणापुढे हात पसरावा लागू नये, एवढंच सारखं मनात येतं. तुझी आई म्हणते, तिला तुझी काळजी नाही, माझी आहे.

प्रवेशयादीत तुझं नाव पाहिलं तेव्हा मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. हे फोनवर सांगायचं राहिलं.

ती कादंबरी पाठवतोय. आजीने त्या दोन पानांत सुतळीचा तुकडा घालून ठेवला होता, तो तसाच आहे.

फी भरायची शेवटची तारीख कळव.

बाबा