बारावीनंतर बाहेर शिकायचं तर

सातारा,
८ जून

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालीस, "जर्मनीत फी नाही, मग जर्मनीच." फोनवर त्यावर नुसती वादावादी झाली असती, म्हणून लिहूनच पाठवते. नीट वाच, आणि विश्रामबागेतल्या त्या एजंटच्या सेमिनारमध्ये मिळालेलं पत्रक शेजारी ठेवून वाच.

देश आधी ठरवायचा नसतो. आपल्या बोर्डाची बारावी कुठे आणि कोणत्या अटीवर चालते ते आधी बघायचं, देश त्यातून आपोआप गाळले जातात. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे खरं. तरी बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात युरोपाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही आता फी लावली आहे. पण खरी मेख फीची नाही. आपली नुसती बारावी तिथे पदवीच्या थेट प्रवेशाला पुरत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड पास झालीस तर तांत्रिक शाखांना दार उघडतं. नाहीतर इथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयाचं पहिलं वर्ष पूर्ण करायचं. पूर्ण म्हणजे सगळे विषय सुटलेले, एटीकेटी घेऊन, म्हणजे राहिलेले विषय सोबत घेऊन, दुसऱ्या वर्षाला गेलं म्हणजे पूर्ण नव्हे. मुलं नेमकी इथेच अडकतात. तिसरी वाट श्टुडिएनकोलेगची, म्हणजे तिथलं दोन सेमिस्टरचं पूर्वतयारीचं वर्ष. त्याला आधी प्रवेश परीक्षा, शेवटी पुन्हा परीक्षा. इंजिनिअरिंगवाल्यांसाठी टी-कोर्स. सरकारी कोलेगला शिकवणीची फी नाही, खाजगीला आहे, आणि पत्रकावरचं कोलेग बहुतेक खाजगीच असतं.

शिवाय ते बारावीचे विषय बघतात: दोन भाषा, गणित, विज्ञान. तू बायफोकल कॉम्प्युटर घ्यायचा हट्ट धरला होतास, आठवतं? बायफोकल घेतलं की दुसरी भाषा गळते. तुझ्या गुणपत्रिकेत मराठी आहे ते बरंच झालं.

भाषेचंही बघ. सरकारी विद्यापीठांत इंग्रजीतून पदवी आहे, पण मोजकी. बाकी सगळं जर्मनमधून. कोलेगच्या प्रवेशालाच जर्मनची बी-१ पातळी, बऱ्याच ठिकाणी त्याच्या वरची बी-२ लागते, आणि पदवीला साधारण त्याहून वरची सी-१. बारावीचा अभ्यास सांभाळून बी-२ गाठायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं, तेही पुण्याला किंवा ऑनलाइन नियमित क्लास केलास तर. दिल्लीच्या जर्मन दूतावासाशी जोडलेल्या एपीएस या कार्यालयाकडून कागदपत्रांची पडताळणी करून प्रमाणपत्र घ्यावं लागतं. फी १८,००० रुपये, आणि ते हातात असल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. हिवाळी सत्राची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १५ जुलै. आपला निकाल मे महिन्यात. मधल्या सहा-आठ आठवड्यांत एपीएस होईलच असं धरून चालू नकोस. वर ब्लॉक्ड अकाउंट: राहण्या-खाण्याच्या खर्चाचे वर्षाला ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे, म्हणजे बारा लाखांच्या आसपास. ते तुझेच पैसे, महिन्याला ९९२ युरो याप्रमाणे तुलाच परत मिळतात, पण एकरकमी उभे आपल्यालाच करायचे.

हे सगळं तुला सेमिनारमध्ये का सांगितलं नाही? जर्मनीची सरकारी विद्यापीठं एजंटला कमिशन देत नाहीत. देतात ती खाजगी. त्यामुळे एजंटने पुढे केलेली यादी आणि तुझ्या गरजेची यादी या दोन वेगळ्या गोष्टी. एजंटकडे जाऊच नको असं म्हणत नाही. पण प्रवेशाचं पत्र विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून किंवा पोर्टलवर तुझ्या लॉगिनमध्ये आलेलंच खरं मानायचं. अर्जाचा पासवर्ड तुझ्याकडे हवा, त्याच्याकडे नाही. कॅनडात गेलेल्या आपल्या बऱ्याच मुलांची प्रवेशाची पत्रं बनावट असल्याचं २०२३ मध्ये उघड झालं, ती अशाच मधल्या माणसांच्या हातून आलेली.

इंग्लंडची रीत मला जास्त सरळ वाटते, महाग असली तरी. यूकॅसवर, म्हणजे तिथल्या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेश पोर्टलवर, एकच अर्ज, पाच पर्याय. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकल असेल तर १५ ऑक्टोबर, बाकीच्यांना जानेवारीच्या मध्यापर्यंत. बारावीच्या आधीच सशर्त ऑफर येते: इतके टक्के पडले तर जागा तुझी. पण टक्केवारीची अट वाचताना सीबीएसईची ओळ बघून खूश होऊ नकोस. बरीच विद्यापीठं स्टेट बोर्डाला वेगळा, बहुधा वरचा आकडा लावतात. स्वतःबद्दलचं निवेदन आता तीन प्रश्नांत लिहायचं असतं: हा विषय का, अभ्यासाने तयारी कशी झाली, आणि वर्गाबाहेर काय केलंस. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येकाला किमान ३५०. यूकॅस हे मजकूर एकमेकांशी ताडून बघतं. क्लासवाल्याने दहा जणींना दिलेला नमुना तिथे लगेच पकडला जातो.

आता तुला न आवडणारी गोष्ट. आपल्याकडे अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष. कॉलेज नावाला, बाकी सगळं क्लासला. पण या अर्जासाठी बारावीत किती पडतील याचे अंदाजी गुण शिक्षक देतात, ते अकरावीवरून. तुझे केमिस्ट्रीचे बावन्न दाखवून पंच्याऐंशीचा अंदाज कोणते सर देतील? म्हणून बारावीची पहिली चाचणी आणि सहामाही मन लावून दे, तेच तुझ्या हातात उरलंय. आणि अंदाज कॉलेजच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह हवा. शिफारसपत्र पाठवणाऱ्या सरांचा ईमेल शक्यतो कॉलेजचा असावा. साध्या जीमेलवरून आलं की परदेशात शंका घेतात आणि पडताळणीत दिवस जातात. प्राचार्यांना आत्ताच विचारून ठेव.

अमेरिकेचा नाद असेल तर नववीपासूनची चारही वर्षं दाखवावी लागतात. नववीची गुणपत्रिका कोणी जपून ठेवत नाही. शाळेतून दुय्यम प्रत मी मागवते. कॉमन अॅपवर, म्हणजे तिथल्या कॉलेजांच्या सामाईक अर्जावर, वीस कॉलेजं घालता येतात म्हणून वीस घालायची नसतात. अर्ली डिसिजन, म्हणजे मुदतीआधीचा लवकरचा अर्ज, फक्त एकाच ठिकाणी, कारण ते बांधून घेतं: मिळालं की जायचंच, आर्थिक मदत पुरेशी नसेल एवढाच अपवाद.

नावाचं बघ. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग तुझं, मग बाबांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. सगळे परदेशी अर्ज आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा फॉर्म पासपोर्टप्रमाणेच भर, एक अक्षरही इकडेतिकडे नको. तुझा पासपोर्ट लहानपणीचा, तो संपत आलाय. पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा मागता येतो, तोच मागू. आयईएल्टीएसचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून दिवाळीच्या आधी दिलीस तरी पुढच्या वर्षी पुरतो.

पैशांचं मी बघते, बँकेत रोज हेच कागद हातात असतात. पण तुला माहीत असावं. बाबा म्हणतात, जमीन तारण ठेवू. शिक्षणकर्जाला बहुतेक बँका शेतजमीन घेत नाहीत, त्यात आपला सातबारा काकांसोबत सामाईक. एन.ए. (बिगरशेती) प्लॉट, फ्लॅट किंवा मुदत ठेव लागते. उसाचं बिल कितीही आलं तरी शेतीचं उत्पन्न करमुक्त, आयकर रिटर्नमधल्या करपात्र उत्पन्नात तो आकडा दिसत नाही, म्हणून सहकर्जदार मीच राहणार. बँकेच्या कर्जातून फी गेली तर टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, कापत नाहीत. स्वतःच्या खात्यातून वर्षात दहा लाखांवर पाठवले तर कापतात, पुढे रिटर्न भरताना त्याचा हिशोब होतो.

आजोबांनी तुझ्यासाठी पतसंस्थेत ठेव ठेवलीय. इंग्लंडच्या व्हिसाला ती दाखवता येणार नाही, कारण पतसंस्था सहकार खात्याखाली येते, रिझर्व्ह बँकेखाली नाही. काकांच्या खात्यातलेही चालत नाहीत. तुझ्या किंवा आईबाबांच्याच खात्यात हवेत, सोबत तुझा इंग्रजीतला जन्मदाखला आणि आमचं संमतीपत्र. राहिलेली पहिल्या वर्षाची फी आणि नऊ महिन्यांचा खर्च, सलग २८ दिवस. मध्ये एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून, आणि शेवटच्या दिवसापासून ३१ दिवसांच्या आत अर्ज गेला पाहिजे. म्हणून ती ठेव मार्चमध्ये मोडायची, बारावीची परीक्षा चालू असतानाच, असं आजोबांशी बोलून घेतलंय. तुझ्या नावाचं खातं उघडायला आधार आणि पॅन लागेल. पॅनचा अर्ज या शनिवारी येशील तेव्हा भरू, दोन फोटो घेऊन ये.

तुझी,
आई