पावले नव्हेत, लाकडाचे सांधे

रविवारच्या पुरवणीत झपाटलेल्या वास्तूंवरील लेखात इंग्लंडमधील लेस्टरच्या गिल्डहॉलची ओळख केवळ तिथल्या भुतांवरून करून दिली आहे. ती अपुरी आहे. रात्री ऐकू येणारी ‘पावले’ ही त्या वास्तूच्या बांधणीचीच खूण असू शकते, हे लेखात यायला हवे होते.

सुमारे १३९० मध्ये उभारलेल्या या सभागृहाचा सांगाडा ओक लाकडाचा आहे. अशा बांधकामात तुळई-खांबांचे सांधे कुसू-खाचेत (एका लाकडाचे कोरलेले टोक दुसऱ्याच्या खाचेत) बसवून लाकडी खुंट्यांनी पक्के करत. शतके उलटली तरी लाकूड हवेतील दमटपणाप्रमाणे फुगते-आक्रसते. लाकडाच्या तंतूंना आडवे बरेच, लांबीत जवळजवळ नाहीच. दिवसा तापलेली इमारत रात्री थंड होते, सांध्यात साचलेला ताण एकदम सुटतो आणि ‘टक्’ असा आवाज होतो. तक्तपोशीची, म्हणजे लाकडी पाटणीची, फळी सैल असेल तर तो पुढे सरकत गेल्यासारखा वाटतो. आपल्या जुन्या वाड्यांतील सागवानी माड्याही अशाच वाजतात.

पडताळणी सोपी आहे. तापमान आणि आर्द्रता नोंदवणारे यंत्र महिनाभर तुळईजवळ ठेवावे, आवाजांच्या वेळा मिनिटासह लिहाव्यात आणि दोन्ही नोंदी ताडून पाहाव्यात.

हीच इमारत १८७६ पर्यंत लेस्टरचे नगरभवन होती. १६३२ पासूनचे शहराचे ग्रंथालय आणि एकोणिसाव्या शतकातील पोलीस कोठड्या आजही तिथे पाहता येतात. १९२६ पासून ती संग्रहालय आहे. लेखात यातले एकही वाक्य नाही, याचे वाईट वाटते.